लाल टोपीचा बुटका आणि निंबोल्याचे बाबा

मंडळी, या सदरात सलग तीन महिने मी युद्धपट आणि खूनपटांवरच लिहिलं, तेव्हा पहिली तक्रार घरातूनच आली. बायको म्हणाली, "एखादा असा सिनेमा सांग की जो बघून रात्री झोप लागेल." म्हणून या वेळी 'अमेली'. फ्रेंच आहे, २००१ सालचा आहे, प्रेमकथा आहे, आणि अधूनमधून इतका वेडगळ आहे की दिग्दर्शकाच्या घरचे लोक त्याला कसं सांभाळत असतील असा प्रश्न पडतो. त्यातली छायाचित्रं बोलतात, पलंगाशेजारचा दिवा उठून स्वतःला विझवतो आणि नायिकेचं मन मोडतं तेव्हा ती खरोखर पाणी होऊन जमिनीवर सांडते.

दिग्दर्शक ज्याँ-पिएर जने. याच्या आधीचा त्यांचा सिनेमा म्हणजे हॉलिवूडमधला 'एलियन' मालिकेतला चौथा भाग! राक्षसी जीव आणि चिकट लाळ यांच्यातून बाहेर पडून हा माणूस पॅरिसला परतला आणि त्याने एका लाजाळू वेट्रेसची गोष्ट सांगितली. ही भूमिका आधी एमिली वॉटसन या इंग्लिश अभिनेत्रीसाठी लिहिली होती, म्हणून नायिकेचं नावही अमेली. ते जमलं नाही आणि ओद्रे तोतू आली. आता तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाची कल्पनाच करवत नाही. ते मोठे काळे डोळे, ते कापलेले केस, आणि काहीतरी खोडी सुचल्यावर कॅमेऱ्याकडे बघून हसणं.

गोष्ट थोडक्यात अशी. अमेलीचे वडील लष्करातले डॉक्टर, स्वभावाने कोरडे. मुलीला कधी जवळ घेणार नाहीत, फक्त ठरावीक दिवशी तपासणार. त्या एका स्पर्शाने पोरीचं हृदय इतकं धडधडतं की त्यांना वाटतं, हिला हृदयविकार आहे. मग शाळा बंद, घरीच अभ्यास. आई लवकर जाते, आणि तेही नोत्र दाम चर्चवरून उडी मारणारी एक बाई नेमकी अंगावर पडून. (हसावं की रडावं कळत नाही, आणि हा सगळा सिनेमाच तसा आहे.) पोरगी मोठी होते, मोंमार्त्र भागातल्या एका कॅफेत नोकरी करते. ते कॅफे खरंच आहे, 'दे दू मुलँ' म्हणजे दोन पवनचक्क्यांचं. १९९७ च्या ऑगस्टअखेरीस टीव्हीवर डायनाच्या अपघाताची बातमी लागते, अमेलीच्या हातून अत्तराच्या बाटलीचं बूच पडतं, घरंगळतं, भिंतीची एक फरशी निखळते आणि आत एक पत्र्याची डबी सापडते. चाळीसेक वर्षांपूर्वी कुण्या मुलाने लपवलेला खजिना. ती त्या मुलाला, म्हणजे आता पन्नाशीतल्या ब्रेतोदो नावाच्या माणसाला शोधून काढते आणि त्याला न भेटता, फक्त एका टेलिफोन बूथमध्ये घंटा वाजवून, डबी त्याच्या हाती पोचवते. त्याचे डोळे भरून येतात आणि तो ठरवतो, वर्षानुवर्षं न भेटलेल्या मुलीला आणि कधीच न पाहिलेल्या नातवाला भेटायला जायचं. अमेली ठरवते, आता हेच करायचं. लोकांची आयुष्यं गुपचूप दुरुस्त करायची.

आम्ही हा सिनेमा गेल्या दिवाळीच्या सुट्टीत निंबोल्याला बघितला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, निंबोला म्हणजे बऱ्हाणपूरहून खंडव्याकडे निघालं की असीरगडच्या अलीकडे लागतं ते आमचं गाव. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, मी आणि बायको खुर्च्यांवर, बाबा बाजेवर. बाबांना इंग्रजी सबटायटल वाचायचा कंटाळा, म्हणून बायको धावतं समालोचन करत होती. अर्ध्यात लाईट गेली, पण बॅटरी होती. बाबा म्हणाले, "लाईट गेली तरी सिनेमा चालू राहतो, ही एक प्रगती झाली."

सुरुवातीलाच निवेदक प्रत्येक पात्राला काय आवडतं आणि काय नाही ते सांगतो. अमेलीला आवडतं धान्याच्या पोत्यात हात खुपसणं, पुडिंगवरचा साखरेचा कडक पापुद्रा चमच्याने टचकन फोडणं आणि कालव्याच्या पाण्यावरून चपटे दगड टप्पे घेत पाठवणं. इथे बाबा पहिल्यांदा बाजेवर उठून बसले. "ज्वारीत हात घालणं? हे तर तू करायचास. तुझी आई ओरडायची, हात धुतलेस का म्हणून." मला ते आठवत होतं. गारठ्याच्या दिवसांत पोत्याच्या आत कोपरापर्यंत हात घातला की वरची ज्वारी थंड लागते आणि खालची उबदार. पॅरिसमधल्या माणसाला हे कसं कळलं, असं क्षणभर वाटलंच. बायकोने लगेच आपली यादी सांगितली, दुधावरची साय एका तुकड्यात उचलणं वगैरे. बाबांना विचारलं तर म्हणाले, "मोटर सुरू केल्यावर पाइपातून पाणी येण्याआधी जो हवेचा आवाज येतो तो." केळी लावणाऱ्या माणसाकडून याहून चांगलं उत्तर येणार नाही.

आणखी एक दृश्य अगदी सुरुवातीला येतं आणि पटकन निघून जातं. एक म्हातारा मित्राच्या अंत्ययात्रेहून घरी येतो, पत्त्यांची वही उघडतो आणि मित्राचं नाव खोडरबराने पुसतो. बस, इतकंच. आईला जाऊन तीन वर्षं झाली. तिचा नंबर बाबांच्या फोनमध्ये अजून 'घर' या नावाने आहे. ते दृश्य आलं तेव्हा आम्ही तिघंही काही बोललो नाही, बायकोनेही समालोचन केलं नाही.

आता थोडं ऑस्करबद्दल, कारण ही गंमत आपल्या लोकांना फारशी माहीत नसते. २००२ च्या ऑस्करमध्ये परभाषिक चित्रपटांच्या अंतिम पाचात 'अमेली' होता आणि त्याच पाचात आपला 'लगान'ही होता. आशुतोष गोवारीकरांचा 'लगान' हरला म्हणून आपण सगळे हळहळलो. माझ्या वर्गात तर सोमवारी परीक्षा असल्यासारखं सुतक होतं. पण त्या रात्री 'अमेली'सुद्धा हरला. त्याला एकूण पाच नामांकनं होती, मिळालं एकही नाही. परभाषिक चित्रपटाचा पुरस्कार गेला बोस्नियाच्या 'नो मॅन्स लँड'ला. भुवन आणि अमेली एकाच रांगेत रिकाम्या हातांनी बसलेत, ही कल्पना मला फार आवडते. त्याआधी कान महोत्सवाच्या निवडीतही 'अमेली' बसला नव्हता. फ्रान्सच्या स्वतःच्या सेझार पुरस्कारांनी मात्र उत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शक दोन्ही दिले.

रंगांबद्दल लिहिलं नाही तर माझ्यातला इंजिनिअर रुसेल. सगळा सिनेमा हिरवा, लाल आणि पिवळा आहे, पिकलेल्या-न पिकलेल्या केळ्यांच्या गाडीसारखा. संपूर्ण चित्रपट संगणकावर घेऊन त्याचे रंग ठरवण्याची पद्धत तेव्हा नवी होती आणि ब्रुनो देलबोनेल या छायाचित्रकाराने ती मनसोक्त वापरली. आज आपण मोबाईलमधल्या फोटोला फिल्टर लावतो, त्याचा हा खापरपणजोबा समजा. भिंतींवरचे फराटे, नको असलेल्या गोष्टीही पुसून टाकल्या. त्यावरून फ्रान्समध्ये वादही झाला की हे पॅरिस खोटं आहे, इतकं धुतलेलं-पुसलेलं, आणि त्यात आजच्या पॅरिसमधली वेगवेगळ्या वंशांची माणसं कुठे आहेत? मला हा आक्षेप पटतो. भाजीवाल्याकडचा हरकाम्या ल्युसियाँ सोडला तर तसं कुणी दिसतच नाही. पण आपल्याकडच्या सिनेमातली खेडी तरी कुठे खरी असतात? निंबोल्यात पाटीलवाड्यासमोर शंभर बायका एका रंगाच्या साड्या नेसून नाचताना मी अजून पाहिल्या नाहीत.

ज्या प्रसंगाने आमच्या घरात खरा वाद झाला तो पत्राचा. अमेलीच्या इमारतीची राखणदार मादलेन. तिचा नवरा दुसऱ्या बाईबरोबर पळाला आणि दूर दक्षिण अमेरिकेत मेला. मादलेन अजून त्याची जुनी प्रेमपत्रं वाचून रडते. अमेली ती पत्रं गुपचूप नेते, त्यांच्या झेरॉक्स काढते, शब्द कापते, चिकटवते आणि नवऱ्याच्या अक्षरात एक नवीन पत्र तयार करते, की मी चुकलो, मी परत येणार आहे. मग त्याला चहात बुडवून जुनं करते. आणि इतकी वर्षं ते आलं कसं नाही? तर मोंब्लां पर्वतावर सुमारे तीस वर्षांपूर्वी विमान कोसळलं होतं, त्यातली टपालाची थैली आता सापडली, अशी बातमी तिने पेपरात वाचलेली असते.

इथे मी सिनेमा थांबवला. कारण मोंब्लांवर पडलेलं विमान म्हटलं की आपल्याला दुसरं काय आठवणार? २४ जानेवारी १९६६, एअर इंडियाचं 'कांचनजंगा', आणि त्यात डॉ. होमी भाभा. मुंबईहून निघालेलं ते विमान जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असताना डोंगरावर आदळलं. एकूण ११७ माणसं गेली. आणि पुढची गोष्ट सिनेमाहून अजब आहे. २०१२ मध्ये, म्हणजे 'अमेली' येऊन अकरा वर्षांनी, तिथल्या हिमनदीने खरोखर एक टपालाची थैली बाहेर टाकली. भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाची डिप्लोमॅटिक मेल! २०२० मध्ये त्याच बर्फातून १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रं निघाली, इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याच्या बातमीची. बर्फाने चोपन्न वर्षं जपून ठेवलेला पेपर. आमच्या शेजारच्या नेपानगरच्या कारखान्याचा कागद त्यात होता का, हा बाबांचा पहिला प्रश्न. पेपर दिसला की आधी कागद कुठला ते विचारायचं, ही आमच्या भागाची सवय. १९५६ पासून देशाच्या वर्तमानपत्रांचा कागद तिथे बनलाय!

वाद मात्र वेगळा होता. बायकोचं म्हणणं, "ही फसवणूक आहे. त्या बाईला खोटं पत्र देऊन तुम्ही तिला आयुष्यभर खोट्यात ठेवलंत." माझं म्हणणं, नुकसान कुणाचं झालं? नवरा मेलेला, बाई रडणारी, पत्राने ती हसायला लागली. आउटपुट बरोबर आहे ना. बायको म्हणाली, "तू माणसांचंही टेस्टिंग आउटपुट बघून करतोस." बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला कुणी असं पत्र दिलं तर मी पहिल्या ओळीत ओळखीन. तुझ्या आईने कधी मला 'प्रिय' लिहिलं नाही. 'केळीचे पैसे आले का' एवढंच लिहायची." थोड्या वेळाने पुढे, "पण ओळखलं तरी ठेवून देईन."

यावर आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं. मी सिनेमा पुन्हा सुरू केला.

अमेलीची सगळी मदत अशी लांबून आहे. आंधळ्या म्हाताऱ्याचा हात धरून त्याला रस्ता ओलांडून देते आणि चालता चालता भराभर सांगत जाते, आता इथे काय विकायला आहे, कोण हसलं, कुठला वास कशाचा. (सगळ्या सिनेमात हे माझं सर्वांत आवडतं दृश्य. जेमतेम मिनिटभराचं आहे.) पण तो काही विचारायच्या आत ती त्याला मेट्रोपाशी सोडून नाहीशी होते. आणि जो मुलगा तिला स्वतःला आवडतो, नीनो, फोटो बूथखाली पडलेले फाटलेले फोटो जोडून वहीत चिकटवणारा, त्याच्यासमोर उभं राहायची वेळ आली की हिचं धाडस संपतं. बाण, चिठ्ठ्या, वेषांतर, फोन, सगळं करेल. समोर येऊन 'मीच ती' म्हणणार नाही.

हे मला जरा जास्तच ओळखीचं वाटलं, कारण आमचा धंदाच लांबून दुरुस्त करण्याचा आहे. पुण्यात बसून मी बाबांची मोटर मोबाईलवरून सुरू होईल असं केलंय. औषधं घरपोच येतात, रिचार्ज आपोआप होतो, शेतावर कॅमेरा आहे. बाबांना पुण्याला यायचं म्हटलं की पूर्वी कारण असायचं, 'केळीला पाणी कोण देणार?' मोबाईल स्टार्टर आल्यावर कारण झालं, 'ड्रीप चोक होते, ती मोबाईलने निघत नाही.' आणि एकदा मीच येतो म्हणालो तर म्हणाले, "कॅमेऱ्यात दिसतो ना मी, मग तिकीट कशाला काढतोस?" टोमणा होता की काटकसर, हे आमच्या घरात विचारायची पद्धत नाही.

सिनेमात एक म्हातारा शेजारी आहे, दुफायेल. त्याची हाडं काचेसारखी ठिसूळ, म्हणून वीस वर्षं घराबाहेर नाही. दरवर्षी रेनुआरच्या नौकाविहाराच्या त्या प्रसिद्ध चित्राची एक नक्कल काढतो आणि त्यातल्या पाण्याचा पेला धरलेल्या मुलीचा चेहरा त्याला दरवर्षी चुकतो. त्याला कुणीतरी व्हिडिओ कॅमेरा भेट दिलाय. त्याचा उपयोग काय, तर तो खिडकीतून रस्त्यावरच्या घड्याळावर रोखून ठेवलाय, म्हणजे घरातल्या घड्याळाला चावी द्यायला नको! हे बघून बायको इतकी हसली की बाबांनी कारण विचारलं. कारण आमच्या शेतावरच्या कॅमेऱ्याचं तोंडही बाबांनी केव्हाच फिरवलंय. बागेऐवजी तो आता रस्त्याकडे बघतो. का, तर "खंडव्याकडून येणाऱ्या बशी दिसतात." दुफायेल मात्र शेवटी अमेलीला सांगतो की माझी हाडं काचेची आहेत, तुझी नाहीत, उठ आणि जा त्या पोराकडे. पुढे काय होतं ते तुम्हीच बघा. फोटो बूथच्या रहस्याबद्दलही बोलत नाही. ज्यांनी कधी मेंटेनन्सची ड्यूटी केली आहे त्यांना ते विशेष आवडेल एवढंच सांगतो.

एक सूचना. लहान मुलांना घेऊन बसणार असाल तर आधी एकदा तुम्ही बघा. नीनो ज्या दुकानात काम करतो ते दुकान कौटुंबिक नाही, आणि सुरुवातीलाही एक-दोन ठिकाणी रिमोट हाताशी लागेल. मी वेळेवर पाणी आणायला उठलो, बाबांनी वेळेवर तंबाखू मळली, निभावलं. यान टिएर्सनचं संगीत मात्र सगळ्यांना ऐकवा. तो पियानो तुम्ही रील्समध्ये शंभरदा ऐकलाय, कुठला ते माहीत नव्हतं इतकंच.

सिनेमा संपल्यावर बाबा म्हणाले, "ही पोरगी आपल्या असीरगडावरच्यासारखी आहे." बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. किल्ल्यावर गुप्तेश्वर महादेवाचं देऊळ आहे. आमच्याकडे सांगतात की पहाटे कुणी जायच्या आत पिंडीवर ताजं फूल वाहिलेलं असतं आणि ते वाहतो अश्वत्थामा. कपाळावरची जखम घेऊन तो इथेच भटकतो म्हणे. लहानपणी मी याच गोष्टीला घाबरून रात्री अंगणात जायचो नाही. आता माझा चुलतभाऊ, तोही आयटीवाला, म्हणतो की एक नाइट व्हिजन कॅमेरा लावू, एका रात्रीत निकाल लागेल. बाबांना हे अजिबात मान्य नाही. मला वाटलं श्रद्धेचा प्रश्न असेल. तर म्हणाले, "आणि एखादा साधा माणूस निघाला तर? तुम्ही त्याचा व्हिडिओ सगळीकडे पाठवाल. मग तो बिचारा उद्यापासून येईल का?"

आता त्या लाल टोपीवाल्याचं राहिलं. अमेलीच्या वडिलांनी बायको गेल्यावर स्वतःला घरात कोंडून घेतलंय. प्रवासाची हौस होती, पण निघत नाहीत. बागेत बायकोच्या अस्थी ठेवलेल्या जागी एक मातीचा बुटका बसवलाय, लाल टोपीचा, त्यालाच सजवत बसतात. अमेली तो बुटका पळवते आणि हवाई सुंदरी असलेल्या मैत्रिणीला देते. मग वडिलांना पाकिटं यायला लागतात. बुटका मॉस्कोत, बुटका अंगकोरच्या देवळापाशी. पत्र नाही, नुसते फोटो. म्हातारा हैराण!

आम्ही निंबोल्याहून निघालो तेव्हा बायकोने आईच्या शोकेसमधला पोळ्याचा मातीचा बैल उचलला. गुपचूप नाही. बाबांसमोर, "बाबा, याला पुण्याला नेते," असं सांगून. बाबा काही बोलले नाहीत. पहिला फोटो भुसावळ स्टेशनवरून पाठवला, बैल बाकड्यावर, मागे गाडी. निळ्या दोन खुणा आल्या, उत्तर नाही. दुसरा शनिवारवाड्यासमोर. उत्तर नाही. तिसरा सिंहगडावर, पिठलं-भाकरीच्या ताटाशेजारी. त्या रात्री बाबांचा व्हॉइस मेसेज आला, एकोणीस सेकंदांचा, त्यातली दहा सेकंदं नुसती मोटरचा आवाज.

"त्याचं डावं शिंग तडकलंय. फेविक्विक लावा. आणि इतक्या वर चढवलात तर आधी पाणी पाजत जा त्याला."